रोस्टरवर दोघे, कन्सोलवर एक: ऊबरलिंगनची टक्कर आणि रात्रपाळीचे मनुष्यबळ

1 जुलै 2002 च्या रात्री 11 वाजून 35 मिनिटे 32 सेकंदांनी जर्मनीतल्या ऊबरलिंगन गावाच्या आकाशात, सुमारे 34,900 फुटांवर, दोन विमाने एकमेकांवर आदळली. एक होते बश्कीरियन एअरलाइन्सचे टुपोलेव टीयू-154, मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेले. त्यात 60 प्रवासी आणि 9 कर्मचारी होते आणि प्रवाशांमध्ये बहुतेक शाळकरी मुले होती. दुसरे डीएचएलचे मालवाहू बोइंग 757, बहरीनहून बर्गामोमार्गे ब्रसेल्सला चाललेले, त्यात दोन वैमानिक. दोन्ही विमानांतले 71 जण मरण पावले.

दोन्ही विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा होती आणि ती चालू होती. जमिनीवर रडार होते. त्या वेळी आकाशात वर्दळ फारशी नव्हती. हवाई वाहतूक नियंत्रणातला मनुष्यबळाचा तुटवडा समजून घ्यायला हेच प्रकरण घ्यायचे ते याचसाठी. गर्दीच्या वेळी माणूस कमी पडला तर ते सगळ्यांना दिसते. इथे माणूस कमी पडला तो सगळ्यात शांत तासाला, आणि कागदावर तर तो कमी नव्हताच.

त्या रात्री झ्युरिकच्या नियंत्रण कक्षात

अपघाताची जागा जर्मनीत असली तरी तो हवाई पट्टा झ्युरिक केंद्राकडे, म्हणजे स्वित्झर्लंडच्या स्कायगाइड कंपनीकडे सोपवलेला होता. रात्रपाळीला दोन कंट्रोलर आणि त्यांचे सहायक. सहायकाला विमानाला सूचना देण्याचा अधिकार नसतो. तो स्ट्रिप, म्हणजे प्रत्येक विमानाच्या माहितीच्या पट्ट्या, लावतो, माहिती पोचवतो, पण विमाने वेगळी ठेवण्याच्या कामात त्याची गणना होत नाही. त्यामुळे मोजायचे ते दोघेच.

सव्वाअकराच्या सुमारास त्यातला एक विश्रांतीला गेला. यात चोरी काही नव्हती. वर्दळ ओसरली की एकाने बसायचे आणि दुसऱ्याने पाठ टेकायची, ही पद्धत तिथे वर्षानुवर्षे चालत आलेली होती आणि व्यवस्थापनाला ती माहीत होती. तिच्यामागचा विचारही वरवर पटण्यासारखा आहे: रात्री एकाला पुरेल इतकेच काम असते, आणि पहाटेच्या गर्दीला दोघे ताजे हवेत. अडचण अशी, की हा हिशेब सगळे काही नेहमीसारखे चालेल असे धरून केलेला आहे. त्या रात्री नेहमीसारखे फारसे काही नव्हते.

हवाई क्षेत्राच्या नव्या विभागणीसाठी संगणकांवर काम काढले होते. त्यासाठी रडारची प्रणाली पर्यायी स्थितीत टाकली गेली. पडद्यावर विमाने दिसत होती, पण मागची बरीच मदत गळून पडली होती. पहिली गोष्ट, दोन विमानांमधले किमान अंतर 5 सागरी मैलांऐवजी 7 ठेवणे भाग झाले, म्हणजे जवळपास 13 किलोमीटर. दुसरी, दोन विमाने जवळ येऊ लागली की पडद्यावर उमटणारा एसटीसीएचा दृश्य इशारा बंद झाला. त्याचा आवाजी इशारा चालू होता. टक्करीच्या 32 सेकंद आधी तो वाजलाही, पण कक्षातल्या कोणीही तो ऐकला नाही. तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे शेजारच्या केंद्रांशी जोडणारे थेट टेलिफोन. ते 11 वाजून 23 मिनिटांपासून टक्कर होण्याच्या जेमतेम मिनिटभर आधीपर्यंत बंद होते. त्यांच्यासाठी पर्यायी लाइन ठेवली होती, तीही बिघडलेली निघाली.

कामाची लेखी सूचना निघालेली होती. काय काम होणार हे तीत होते, पण कोणकोणती साधने हातातून जाणार हे तीत नव्हते. देखभालीचे कागद लिहिणाऱ्यांची ही फार जुनी चूक आहे. तंत्रज्ञ आपल्या भाषेत लिहितो: अमुक सर्व्हर, अमुक आवृत्ती, इतके वाजल्यापासून. कंट्रोलरला कळायला हवे ते इतकेच, की माझा फोन चालेल का, माझा इशारा वाजेल का, आणि नसेल तर मी काय करायचे.

पाच मिनिटे एकवीस सेकंद

बोइंगने 36,000 फुटांची, म्हणजे फ्लाइट लेव्हल 360 ची परवानगी मागितली आणि ती मिळाली. 23:29:50 ला ते त्या उंचीवर स्थिर झाले. 23:30:11 ला टुपोलेवने झ्युरिकला पहिली हाक दिली, त्याच उंचीवरून. एक उत्तरेकडे चाललेले, दुसरे पश्चिमेकडे, वाटा जवळपास काटकोनात छेदणाऱ्या. त्या क्षणापासून टक्करीपर्यंत 5 मिनिटे 21 सेकंद होती. या कामात तो भरपूर वेळ आहे. एकाला हजार फूट खाली आणले की प्रश्न मिटतो, आणि त्याला एक वाक्य पुरते.

ते वाक्य वेळेत का निघाले नाही? कारण कंट्रोलर दुसऱ्या कन्सोलवर, म्हणजे दुसऱ्या पडद्यासमोरच्या जागेवर, होता. एक ए320 विमान उशिरा आले होते आणि त्याला फ्रीडरिक्सहाफेन विमानतळावर उतरवायचे होते. त्या कामाची फ्रिक्वेन्सी वेगळी (119.920), पडदा वेगळा, पडद्याचे प्रमाणही वेगळे. वरून जाणारी विमाने 128.050 वर होती. एकच माणूस खुर्ची सरकवत दोन पडद्यांमध्ये ये-जा करत होता. विमान उतरवायचे तर फ्रीडरिक्सहाफेनच्या टॉवरशी फोनवर बोलावे लागते. तो फोन लावत राहिला, फोन लागत राहिला नाही.

इथे जरा थांबायला हवे, कारण नेमके इथेच एकटेपण अंगावर येते. लागत नसलेला फोन माणसाचे लक्ष खाऊन टाकतो. आता लागेल, पुन्हा एकदा बघू, नंबर चुकला का, पर्यायी लाइनवर घेऊ. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा असतो, म्हणून मिनिटे गेल्याचे जाणवत नाही. शेजारी दुसरा कंट्रोलर असता तर फोनचे काम त्याच्याकडे गेले असते, आणि पहिल्याची नजर मुख्य पडद्यावरून फारशी हललीच नसती.

त्याच वेळी जर्मनीतल्या कार्ल्सरूह केंद्रातल्या कंट्रोलरच्या पडद्यावर या दोन विमानांचा इशारा उमटला होता, टक्कर होण्याच्या सुमारे दोन मिनिटे आधी. त्याने झ्युरिकला फोन लावला. तब्बल अकरा वेळा लावला, एकदाही लागला नाही. दुसऱ्या केंद्राच्या ताब्यातल्या विमानांना परस्पर सूचना देण्याची मुभा त्याला नव्हती. ज्याला दिसत होते त्याला बोलता येत नव्हते, आणि ज्याला बोलता येत होते त्याची पाठ त्या पडद्याकडे होती.

23:34:42 ला दोन्ही विमानांत टीकॅसने सावध केले. 23:34:49 ला झ्युरिकच्या कंट्रोलरला धोका दिसला आणि त्याने टुपोलेवला तातडीने 350 वर उतरायला सांगितले. टक्करीला 43 सेकंद उरले होते. 7 मैलांचे अंतर राखणे तेव्हा शक्यच नव्हते, तरीही एवढ्या सूचनेने टक्कर टळली असती. पण सात सेकंदांनी, 23:34:56 ला, टीकॅसने आपले आदेश दिले: बोइंगला खाली जा, टुपोलेवला वर जा. बोइंगने ऐकले आणि ते उतरू लागले. टुपोलेवचे वैमानिक आधीच कंट्रोलरच्या शब्दावर उतरत होते. यंत्र वर जायला सांगते आहे, हे सहवैमानिकाने बोलूनही दाखवले. तरी त्यांनी माणसाचा शब्द धरला. 23:35:03 ला कंट्रोलरने सूचना पुन्हा दिली, आणि समोरचे विमान उजवीकडे दोन वाजण्याच्या दिशेला असल्याचे सांगितले. खरे तर ते डावीकडे, दहाच्या दिशेला होते.

त्यानंतर तो परत ए320 कडे वळला. त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. पडद्यावरचे चित्र दर 12 सेकंदांनी नवे व्हायचे, त्यामुळे बोइंगही खाली येत आहे हे लगेच दिसण्यासारखे नव्हते. टीकॅसच्या आदेशाने उतरत असल्याचे बोइंगने 23:35:19 ला कळवले, पण तो संदेश त्याच्या ध्यानात आला नाही. तेरा सेकंदांनी बोइंगची शेपटी टुपोलेवच्या धडात घुसली.

यंत्र आणि माणूस, दोघांचे दोन आदेश

दोन विमानांचे टीकॅस ट्रान्सपाँडरमार्फत (विमानाची ओळख आणि उंची रेडिओने कळवणारे यंत्र) आपसात ठरवून एकमेकांना उलटे आदेश देतात: एक वर, दुसरे खाली. म्हणून ही यंत्रणा चालते ती दोघांनी ऐकले तरच. एकाने ऐकले आणि दुसऱ्याने उलट केले, तर ती नसती तर बरे अशी वेळ येते. आदेश फिरवण्याची सोय तेव्हाच्या आवृत्तीत होती, पण दोन्ही विमाने जवळजवळ एकाच उंचीवरून एकत्र खाली जात असतील तर ती कामाला येत नव्हती.

टुपोलेवच्या वैमानिकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण तेव्हाचे नियम आणि त्यांची स्वतःची नियमपुस्तिका या प्रश्नावर एकमेकांशी जुळत नव्हती. काही ठिकाणी कंट्रोलरचा शब्द प्रमाण आणि टीकॅस जोडीला, असा अर्थ निघत होता. 31 जानेवारी 2001 ला जपानमध्ये जपान एअरलाइन्सची दोन विमाने अगदी अशाच पेचातून थोडक्यात वाचली होती: एकाने टीकॅसचे ऐकले, दुसऱ्याने कंट्रोलरचे. पुढे आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट झाला, टीकॅसचा आदेश आला की तोच पाळायचा, कंट्रोलरचा शब्द उलट असला तरी. टीकॅसची 7.1 ही आवृत्ती आली, तीत आदेश फिरवण्याचे तर्क सुधारले, आणि युरोपात डिसेंबर 2015 पासून ती जुन्या विमानांनाही सक्तीची झाली.

हा सगळा भाग महत्त्वाचा आहे, आणि अपघाताच्या बहुतेक चर्चा इथेच अडकतात. पण टीकॅस हा शेवटचा दोर आहे. तिथपर्यंत प्रकरण का गेले, हा प्रश्न कन्सोलवरचा आहे.

चौकशीने काय म्हटले

जर्मनीच्या अपघात चौकशी संस्थेने मे 2004 मध्ये अहवाल दिला. तात्कालिक कारणे दोन: धोका वेळेत कंट्रोलरच्या लक्षात आला नाही, आणि टीकॅस वर जायला सांगत असताना टुपोलेव खाली जात राहिले. त्यांच्या मागे व्यवस्थेची कारणे नोंदवली आहेत, आणि त्यांतली दोन थेट मनुष्यबळाची आहेत. उघडी असलेली सर्व कन्सोल रात्रभर सतत कंट्रोलरच्या ताब्यात राहतील याची खबरदारी कंपनीने घेतली नाही. आणि वर्दळ कमी असताना एकानेच काम करायचे, दुसऱ्याने विश्रांती घ्यायची, ही पद्धत व्यवस्थापनाने वर्षानुवर्षे चालू दिली.

या शब्दयोजनेत एक बारकावा आहे. पाळीवर किती माणसे हवीत, असे अहवाल म्हणत नाही. तो उघड्या कन्सोलबद्दल आणि सतत असण्याबद्दल बोलतो. मनुष्यबळ मोजण्याचे एकक त्याने बदलले. पाळीच्या हजेरीपत्रकावर दोन सह्या असणे आणि 23:33 ला दोन खुर्च्यांवर दोन माणसे असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

24 फेब्रुवारी 2004 ला, अहवाल येण्यापूर्वीच, त्या रात्रीच्या कंट्रोलरचा त्याच्या घरी खून झाला. मारणाऱ्याची पत्नी आणि दोन मुले टुपोलेवमध्ये होती. सप्टेंबर 2007 मध्ये स्विस न्यायालयाने स्कायगाइडच्या आठ कर्मचाऱ्यांपैकी चौघांना निष्काळजीपणे मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी धरले. तिघांना स्थगित कारावास, एकाला दंड. खुर्चीवरच्या एकट्या माणसामागे ती खुर्ची एकटी ठेवणारे निर्णय असतात, हे न्यायालयाने मान्य केले. तोवर तो माणूस उरला नव्हता, ही गोष्ट मनाला लागून राहते.

एका कन्सोलला किती माणसे लागतात

"दोन कन्सोल आहेत, मग रात्री दोघे ठेवा" हे म्हणायला सोपे आहे. करायला गेले की आकडे आडवे येतात. नमुन्याचा हिशेब असा मांडता येईल.

एक कन्सोल वर्षभर अहोरात्र चालवायचे तर 24 गुणिले 365, म्हणजे 8,760 तास भरायचे. आठवड्याला 40 तास धरले तर एका माणसाचे वर्षाचे 2,080 तास होतात. त्यातून सहा आठवड्यांच्या रजेचे 240, सिम्युलेटर, प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणीचे 120, आजारपणाचे 80 वजा केले की 1,640 उरतात. पण आठ तासांच्या पाळीत कोणी आठ तास पडद्यासमोर बसत नाही. दीड-दोन तासांनी उठावेच लागते. कन्सोलवरचे तास सहा धरले, तर वर्षाला 1,230. 8,760 भागिले 1,230 म्हणजे 7.1. पाळी बदलताना दोघांनी 10-15 मिनिटे एकत्र बसायचे असते, ते धरले की सुमारे 7.3. म्हणजे दोन कन्सोलना, आकडा वर पूर्ण केला की, पंधरा माणसे.

पंधराच्या जागी बारा असतील तर काय होते? कन्सोल बंद पडत नाही, हीच मेख आहे. रोस्टर तयार करणारा माणूस तीन ठिकाणी हात घालतो: विश्रांती कमी करतो, रजेच्या दिवशी बोलावतो, किंवा दोन कन्सोल एकत्र करून एकाकडे देतो. तिन्ही गोष्टी नियमात बसवता येतात, आणि एकेका रात्री तिन्हींचे काहीच बिघडत नाही. काही घडले नाही याचा अर्थ पुरेसे आहे असा लावला जातो, आणि वर्षभरात बारा हाच नवा पूर्ण आकडा होऊन बसतो.

भरती करून हे पटकन भरून निघत नाही. कंट्रोलर तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. त्यातला शेवटचा मोठा टप्पा खऱ्या कन्सोलवर, अनुभवी प्रशिक्षकाच्या शेजारी बसून असतो, आणि तो प्रशिक्षक याच बारांमधला असतो. माणसे कमी असली की प्रशिक्षण मागे पडते, आणि ते मागे पडले की माणसे आणखी कमी होतात. शिवाय एका केंद्रातला परवाना दुसऱ्या केंद्रात चालत नाही. तिथले क्षेत्र, मार्ग, शेजाऱ्यांशी झालेले करार नव्याने शिकून परीक्षा द्यावी लागते. म्हणून तुटवड्याच्या काळात उसनी माणसे आणता येत नाहीत.

हेच चित्र इतरत्र

27 ऑगस्ट 2006 ला अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन विमानतळावर कॉमएअरच्या फ्लाइट 5191 च्या वैमानिकांनी पहाटे चुकीची धावपट्टी धरली. 7,003 फुटांची हवी होती, 3,500 फुटांच्या धावपट्टीवर विमान नेले. 50 पैकी 49 जण गेले. टॉवरमध्ये एकच कंट्रोलर होता, त्याच्याकडे टॉवर आणि रडार दोन्ही कामे होती, आणि पाळीआधी त्याची झोप सुमारे दोन तासांची झाली होती. दोन माणसे ठेवण्याची वरून आलेली सूचना पाळली गेली नव्हती. उड्डाणाची परवानगी देऊन तो प्रशासकीय कामाकडे वळला, त्यामुळे विमान कुठून धावते आहे ते त्याने पाहिले नाही. चौकशीने मुख्य कारण वैमानिकांची चूक हेच ठरवले आणि ते योग्यच आहे. तरी खिडकीतून बाहेर बघणारी दुसरी व्यक्ती हवी होती ती याच क्षणासाठी.

29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन 67 जण मरण पावले. त्या वेळीही हेलिकॉप्टरचे काम आणि विमानांचे काम एकाच कंट्रोलरकडे एकत्र केलेले होते. त्या अपघाताला इतरही कारणे आहेत, त्यामुळे सगळा भार या एका गोष्टीवर टाकता येणार नाही. पण जागा एकत्र करणे हा किरकोळ, रोजचा निर्णय समजला जातो, तसा तो नाही.

रात्रीचे रोस्टर कसे तपासावे

माणूस कमी असताना काहीतरी सोडावेच लागते. प्रश्न एवढाच, की वर्दळ सोडायची की सुरक्षेचे अंतर. त्या रात्री पर्याय होते: कामाच्या तासांपुरते वरचे क्षेत्र शेजारच्या केंद्राकडे देता आले असते, येणाऱ्या विमानांची संख्या बांधता आली असती, उशिरा आलेल्या ए320 ला फोन मिळेपर्यंत घिरट्या घालायला लावता आले असते. तिन्हींची किंमत उशीर आणि इंधन. ती दिसते, तिची तक्रार येते, म्हणून ती टाळली जाते.

देखभालीचा परवाना देताना तांत्रिक प्रमुखाच्या सहीबरोबर पाळीप्रमुखाची सही हवी, आणि तीही तीन ओळींच्या खाली: कोणते साधन जाणार, किती वाजता परत येणार, तोवर त्याचे काम कोणता माणूस करणार. तिसरी ओळ भरता येत नसेल तर काम त्या रात्री काढू नये. पर्यायी फोन लाइनवरून काम सुरू होण्याआधी प्रत्येक शेजारी केंद्राला एकेक खरा कॉल लावून बघावा. झ्युरिकमध्ये हे झाले असते तर पर्यायी लाइन मेलेली आहे हे शांतपणे, तासभर आधी कळले असते. एकाच रात्री दोन आधार काढू नयेत. इशारा बंद असेल तर फोन चालू हवा, दोन्ही बंद असतील तर तिसरा माणूस हवा.

विश्रांती काढून घेणे हा उपाय नाही. रात्री दोन ते पाच या वेळात डोळा लागतोच, आणि न झोपलेला कंट्रोलर शेजारी असून नसल्यासारखा. विश्रांती हवी असेल तर दोन कन्सोलना तीन माणसे लावावीत, म्हणजे एक पडला तरी दोघे बसलेले राहतात. आणि विश्रांतीला गेलेल्याला कन्सोलवर परत यायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजावा: हाक पोचणे, उठणे, चालत येणे, हेडसेट लावणे, आकाशातले चित्र समजून घेणे. गाढ झोपेतून उठलेल्याची नजर पुरती ताळ्यावर यायला 15 ते 30 मिनिटे जातात. कार्ल्सरूहच्या पडद्यावर इशारा उमटल्यापासून टक्करीपर्यंत मिळालेला वेळ साधारण दोन मिनिटांचा होता. मोजलेला आकडा याहून मोठा आला, तर त्या माणसाचे नाव त्या तासाच्या संख्याबळात धरू नये.